रुख्मिणीच्या छातीची तपासणी

रुख्मिणीबद्दलचा माझा संशय तिच्या बोटांपासून सुरू झाला.

वाशीमच्या बाजारात आम्हा दोघींची बसायची जागा शेजारी-शेजारी. जर्मनच्या लढाईच्या दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, मुळे धुताना तिची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. पुढं कातडी ताठरली, मूठ वळेना, तोंडही आखडलं. मी काय गप्प बसणारी? महारोग असावा, असं दोघी-तिघींच्या कानावर घातलं. महिनाभरात तिच्या टोपलीपुढं गिऱ्हाईक थांबेना. आजार लपवणारीची कीव कशाला करायची, असं मला तेव्हा वाटे.

त्यात ती दर महिन्याला एकदा बाजार अर्ध्यावर टाकून कुठंतरी जायची. एके दिवशी मी भाजीवर ओलं फडकं टाकलं आणि तिच्या मागं लागले. ती दवाखान्यात शिरली.

मी खिडकीशी उभी राहिले. डॉक्टरांनी तिच्या हातांकडं पाहिलंच नाही. तिला ओट्याच्या पायऱ्या दहादा चढ-उतर करायला लावल्या आणि नळी छातीला लावून बराच वेळ ऐकत बसले. कातडीच्या दुखण्याला छाती कशाला तपासायची? हे काहीतरी दडवतायत, अशी माझी खात्रीच झाली. मी तरातरा आत गेले आणि तोंडावर विचारलं.

डॉक्टर रागावले नाहीत. रुख्मिणीनं मान हलवल्यावर त्यांनी सांगितलं, की हा महारोग नव्हे, त्यात कातडी बधिर होते, हिला सुई टोचली की कळतं. हा कुणाला लागतही नाही. पण बाहेरची कातडी आखडते तसं आत काळीजही आखडू शकतं, म्हणून वरचेवर ऐकावं लागतं. आज तिचे ठोके मधूनच चुकत होते, म्हणून महिनाभर न थांबता पुढच्या बाजारीच परत यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर रुख्मिणी धापा टाकत पायरीवर बसली.

"आवडे, महारोगाचं तूच उठवलं, मले ठाव हाय," ती म्हणाली. "आता तूच सांग बजारात. तुयं खरं मानतेत लोक. टोपली बंद झाली त घरचे मले वाशीमले धाडनार नाहीत. मंग हे काळीज कोन आयकंन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगते म्हणून मी तिला शब्द दिला.

पुढच्या बाजारी ललिताबाई आल्या, माझं जुनं गिऱ्हाईक. मेथीची जुडी हातात धरून घुटमळल्या.

"तू बी तिच्यासंगं दवाखान्यात दिसली म्हने?"

रुख्मिणी हातभर अंतरावर बसली होती. सांगायचं सगळं माझ्या ओठांवर होतं.

"मी? मी कायले जाऊ?" मी म्हणाले.

ललिताबाईंनी जुडी पिशवीत टाकली. रुख्मिणीनं न विकलेले मुळे टोपलीत परत भरले. टोपली डोक्यावर चढवायला तिनं मला हाक मारली नाही. तपासणीचा दिवस तोच होता, पण ती सरळ घरच्या वाटेला लागली.