बुरशीशास्त्र – पाहा : कवकशास्त्र

मी एक कार्ड आहे, पण पुस्तकाचं नव्हे. पुस्तकाच्या कार्डाला मान असतो. लोक त्याच्यापाशी थांबतात, नंबर उतरवून घेतात. माझ्या अंगावर एवढंच लिहिलंय : ‘बुरशीशास्त्र – पाहा : कवकशास्त्र’. आलेल्याला दुसरीकडे धाडायचं, हाच माझा जन्मभराचा धंदा.

त्रिशूरजवळच्या एका शेतकी कॉलेजच्या वाचनालयात, दाराशेजारी पुस्तकसूचीच्या खणात मी राहतो. अंगाला भोक पाडून त्यातून सळई घातलेली आहे, त्यामुळे हलता येत नाही. मन मात्र सारखं खिडकीकडे धावतं. ‘क’चा खण तिकडे आहे.

विद्वानांचं मला एक कळलेलं नाही. शाखा एकच, नावं ढीगभर. कुणी मृदाशास्त्र म्हणतो, कुणी मातीविज्ञान. फळबागांचे दोन प्राध्यापक तर आपल्या शाखेच्या नावावरून एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नाहीत. पुस्तकांची कार्डं मात्र एकाच नावाखाली लावावी लागतात. उरलेल्या नावांच्या वाट्याला माझ्यासारखी कार्डं येतात.

नाव ठरवायचं काम कार्डं लिहिणाऱ्या दोघांचं होतं. खिडकीकडचे खण वर्कीसारांचे (सरांना इकडे सार म्हणतात), दाराकडचे सरसम्माचे. मधल्या टेबलावर दोघांचा चहा. एवढ्या वर्षांत वाद पुष्कळ झाले, पण ते चहाबरोबर संपत. बुरशीचा संपला नाही.

“कवकशास्त्रच,” सार म्हणाले. “बुरशी म्हटलं की मला तांदळाचा शिळा पुट्टू आठवतो.”

“आणि कवक म्हटलं की मला खोकला येतो. पोरं येऊन बुरशीच मागतात, सार.”

“पोरं परीक्षेत पासही मागतात. द्यायचं?”

“घरी बायकोशीही असंच बोलता का?”

“तिथे बोलू देतात कुठे? म्हणून तर इथे येतो.”

इथे दोघं हसली असती तर भागलं असतं. पण कुणी हसलं नाही. त्याच पुस्तकांची कार्डं सारांनी ‘कवक’खाली लावली आणि सरसम्माने ‘बुरशी’खाली. ती आपला कप घेऊन व्हरांड्यात जाऊ लागली.

एका शनिवारी सार घरी गेल्यावर तिने एक कोरं कार्ड पुढे ओढलं. तो माझा जन्म. “घ्या तुमचं कवक,” ती पुटपुटली. मागच्या बाजूला तारीख टाकली, ‘बुरशी’खालची पुस्तकांची सगळी कार्डं काढून घेतली आणि त्या जागी मला ओवलं. सांगायचं मात्र नव्हतं. त्यांचं त्यांनाच दिसू दे, असा तिचा बेत होता.

सोमवारी तिने दोघांपुरती केळ्याची भजी आणली. सार आले नाहीत. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर ते बाकावर बसले होते, ते उठलेच नाहीत. भजी संध्याकाळपर्यंत कागदात तशीच होती.

खिडकीकडचे खण एका नव्या माणसाकडे गेले. तो नवी कार्डं लावी, जुनी चाळत नसे. सरसम्माने तर त्या बाजूला पाऊल टाकलं नाही. कुणी सारांचा विषय काढला की ती एवढंच म्हणे, “माझ्यावर रुसून गेले.”

माझी तगमग तेव्हापासूनची. मुलं येत, मला वाचत, खिडकीकडे जात. आणि थोड्या वेळाने तीच पावलं परत येत. परत का येतात? पुस्तकं तिकडेच आहेत ना? पुन्हा मला वाचत, मान हलवत आणि निघून जात. पुस्तकं आतल्या बंद कपाटांत होती, नंबराशिवाय मिळत नसत. सरसम्मा आता सगळ्यांची चेची, म्हणजे थोरली बहीण झाली होती, पण तिचा दरारा असा की विचारायला कुणी धजेना.

शाहिना धजली. तिला मिरवेलींच्या मुळांना लागणाऱ्या बुरशीवर प्रबंध लिहायचा होता. तिसऱ्यांदा परत आल्यावर तिने खणच आपटला.

“चेची, हा म्हणतो तिकडे जा, तो म्हणतो इकडे ये. मी विद्यार्थिनी आहे की टपाल?”

“नीट बघ. पुस्तकांची कार्डं तिथेच आहेत.”

“तुम्हीच चला आणि दाखवा.”

“ते माझे खण नाहीत.”

“मग कुणाचे आहेत?”

चेचीची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिची पावलं खिडकीकडे गेली. खण उघडला. कार्डं चाळल्याची सळसळ झाली. मग सळई काढल्याचं ऐकू आलं.

ती माझ्यापाशी आली. मलाही बाहेर काढलं आणि शेजारी दुसरं कार्ड ठेवलं. वर्कीसारांचं तिरकं अक्षर : ‘कवकशास्त्र – पाहा : बुरशीशास्त्र’. मागे तारीख, त्याच शनिवारची. चेचीला जिंकू द्यायचं म्हणून त्यांनीही आपल्याकडची पुस्तकांची कार्डं काढून टाकली होती.

“ते हरले,” चेची म्हणाली, “आणि एका शब्दाने बोलले नाहीत.”

“कोण, चेची?”

“बस तू. पुस्तकं काढून देते.”

त्या दुपारी तिने पुस्तकांची कार्डं नव्याने लिहिली. प्रत्येकाच्या माथ्यावर ‘कवकशास्त्र’. मधेच तिला ठसका लागला. ती एकटीच हसली आणि मग चष्मा पुसत बसली. कार्डं तिने स्वतः खिडकीकडे नेऊन लावली. आम्हा दोघांतलं एकच राहू शकत होतं. तिने मला पुन्हा सळईत ओवलं. सारांचं कार्ड पदराला पुसून पर्समध्ये ठेवलं.

तुम्ही कधी आलात आणि मी तुमच्या बोटाखाली आलो, तर माझ्यापाशी रेंगाळू नका. खिडकीकडे जा. मी पावलांकडे कान लावून असतो, ती सवय काही सुटत नाही. पण हल्ली गेलेला माणूस परत येत नाही. त्याला हवं ते तिकडे मिळालं, असं मी समजतो.