आईची वेणी

समोर कुणाची तरी पाठ आहे असं समजून धाकटीनं हवेतच तीन पेड गुंफून दाखवले.

"आईची वेणी घालत होते, आणि ती एकदम मला 'आक्का' म्हणाली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. म्हातारपणी माणसाची आठवण नेमकी कुठून उसवते, ते शोधायचं मी त्या दिवशी ठरवलं."

स्मृतीवरच्या संशोधनात केस पांढरे झाल्यावर आज तिचा निवृत्तीचा सत्कार होता. हा किस्सा तिच्या प्रत्येक भाषणात असायचा. सभागृह जिवाचा कान करून ऐकत होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या ताईनं मात्र मान खाली घातली. बहिणीचं भाषण ती आज पहिल्यांदाच ऐकत होती.

तिची खाली गेलेली मान पाहून धाकटीचे हात थबकले. आईच्या शेवटच्या वर्षात ती घरी होतीच कुठे? दूरच्या विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. वेणी घालायची ती ताई. दर रविवारी फोनवर सगळं सांगायची. ऐकलेलं हळूहळू अनुभवलेलं वाटू लागतं, हे हिनंच तर प्रयोगांनी सिद्ध केलं होतं! टाळ्या पडल्या तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीनं ताईला विचारलं, "तेव्हा तुम्हीही घरी होतात?"

"होते की इकडेतिकडे," ताई म्हणाली. "पण आईचं सगळं हीच करायची."

ती मुलगी गेल्यावर धाकटीनं ताईला खिडकीपाशी ओढलं.

"वेणी तू घालायचीस, ताई. तुझं केलेलं मी आयुष्यभर माझं म्हणून सांगत आले. आणि मला पत्ताच नाही!"

"जाऊ दे गं."

"जाऊ दे काय?"

ताईनं कप खाली ठेवला.

"वेणी कुणीच घालत नव्हतं. आईचे केस दवाखान्यात आधीच कापून टाकले होते. तुझा प्रबंध अर्धवट. तुला कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून मी आपलं काहीबाही रचायचे."

"आणि आक्का?"

"शेवटी शेवटी ती कुणालाच हाक मारत नव्हती."

तेवढ्यात व्यासपीठावरून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, फोटो!"

ताईनं धाकटीच्या कपाळावरची बट मागे सारली. "जा, खोळंबलेत सगळे."

धाकटी जागची हलली नाही.