कुंकवाची पावलं

माजिवड्याच्या हॉलात दर गुरुवारी पाऊलबाबा यायचे आणि चपलांचा ढीग पार लिफ्टपर्यंत जायचा. महिन्याच्या आतलं बाळ बाबा काखेत हात घालून उभं धरायचे, तळवे कुंकवाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या कापडावर टेकवायचे. आणि मानही न धरणारं ते पोर चक्क एकापुढे एक पाऊल टाकायचं! बाया रडायच्या, बाप्ये मोबाईल उंच धरायचे.

"मागच्या जन्मी याची परिक्रमा अर्धी राहिली. चालू द्या त्याला!" बाबा गरजायचे.

परिक्रमा अर्धी टाकून गेलेले एवढे लोक नेमके ठाण्यातच कसे जन्म घेतात, हे कुणी विचारलं नाही. सखुबाईनेही नाही. एरवी ही बाई भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी तीनदा उलटून घेणारी. पण नातवाच्या, ऋतुराजच्या पावलांचं कापड तिने फ्रेम करून दारासमोर लावलं.

तीन महिन्यांचा झाला आणि ऋतुराज चालेना. गुबगुबीत पोर, मांड्यांना वळ्या. कापडावर टेकवलं की पाय नुसते लोंबायचे.

बाबांनी डोळे मिटले. "आईच्या दुधात दोष आहे. त्यानेच पाय जड झालेत."

"पण आई, वजन छान वाढतंय त्याचं," सून समृद्धी चाचरत म्हणाली.

"तू गप ऱ्हा गो! पोराचं भाग्य चाललंय हातचं, नि ही वजन सांगते!"

दूध बंद झालं. बाबांच्या मंतरलेल्या पाण्यात थोडंसं गाईचं दूध, एवढंच पोटात. ऋतुराज रडला की पलीकडच्या खोलीत समृद्धीचा ब्लाउज भिजायचा. सखुबाईला ते दिसायचं. ती बाहेरून कडी लावायची. मुलगा प्रफुल्ल बाल्कनीत जाऊन फोन बघत बसायचा.

काही आठवडे गेले आणि एका गुरुवारी ऋतुराजने कापडावर पाय उचलला. मग दुसरा. हॉल दणाणला. सखुबाईने पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर रडेचना. डोळे खोल गेलेले. तेव्हा कुठे प्रफुल्लने फोन खिशात टाकला आणि त्याला कोपरीला डॉक्टर सुमेधांकडे पळवलं.

सलाईन लागलं. दुपारनंतर पोराने डोळे उघडले, तशी सखुबाईला वाचा फुटली. "पण डॉक्टरीणबाय, चालला गो तो! काल सगळ्यांनी बघितला."

डॉक्टर रागावल्या नाहीत. बाहेर तपासणीसाठी थांबलेल्या रुचिताची गुटगुटीत लेक तेवढ्याच वयाची. तिला मागून घेऊन त्यांनी टेबलावर उभी धरली. पाय लोंबकळले. मग निळ्या टबात कोमट पाणी भरून तिला छातीपर्यंत आत धरली. पाय आपसूक चालू लागले, एक उजवा, एक डावा.

"अगं बाई, ही पण परिक्रमावाली!" रुचिता हसली.

"सगळीच बाळं परिक्रमावाली," डॉक्टर म्हणाल्या. "ही हालचाल जन्मापासून असते. पुढे मांड्या भरतात, तेवढी ताकद नसते, म्हणून पाय उचलत नाही. पाण्यात हलका झाला की उचलतो. खरं चालणं नंतर येतं. पालथं पडून, रांगून, पडून-उठून अंगात ताकद येते, तोल येतो, मेंदू शिकतो."

"मग काल आमचा..."

सखुबाईने ऋतुराजच्या अंगावरची चादर सारली. वळ्या गेल्या होत्या. मांडीवर कातडी सैल पडली होती.

"पाय हलके झाले, आजी. म्हणून उचलले," डॉक्टर म्हणाल्या.

ऋतुराज वाचला. समृद्धीचं दूध मात्र आटलं होतं. "लावत राहा छातीशी, कदाचित परत येईल," डॉक्टर म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी सखुबाई टब घेऊन हॉलात गेली.

"टब कशाला, आजी? मासे धरायचेत?" बाबांनी टोमणा मारला.

"तुमचा मागचा जन्म पाण्यात पण येतो का, तो बघायचाय."

'पाय थांबले' म्हणून रडत आलेल्या एका आईने भीत भीत बाळ पुढे केलं. पाण्यात त्याचे पाय चालू लागले. बाप्यांनी मोबाईल खाली घेतले. बाबांना अचानक कुणाचा तरी फोन आला.

"बायांनो," सखुबाई म्हणाली, "पोराला पाजा, जमिनीवर सोडा, चालेल ते त्याच्या वेळेला. कोण बोलला पाय जड झाले, तर वजनाचा काटा बघा, डॉक्टरला विचारा. बाबाला नाय. मी विचारलं बाबाला."

घरी येऊन तिने प्रफुल्लकडून त्या खोलीची कडीच काढून घेतली. आत समृद्धी ऋतुराजला छातीशी धरून बसली होती. तो चोखत होता. दूध येत नव्हतं. तरी ती त्याला बाजूला करत नव्हती.