पदराच्या दोन ओढी

माझ्या सासूबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. हा गुण म्हणून सांगत नाही, खोड म्हणून सांगतेय. माझी भाकरी करपली की अख्ख्या मजल्याला कळायचं, आणि मी काय उलट बोलले ते शब्दन्‌शब्द रामजीच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कानावर जायचं. कमळाबाई त्यांचं नाव. मी आत्याबाई म्हणायची.

पंचावन्नच्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर फोर्टात गोळीबार झाला आणि आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत बुधाजी हवालदार कामाला लागले. पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढून आलेला माणूस. ते म्हणाले, पुरुष मिलमध्ये नाहीतर मोर्च्यात असणार. चाळीवर वेळ येईल तेव्हा घरी बायकाच असतील, तेव्हा शिकायचंही बायकांनीच. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी घासून झाली की चौदा जणी रांगेत उभ्या राहायला लागलो.

कवायत साधी होती. अश्रुधूर आला की डोळ्यांवर ओलं फडकं बांधायचं, पुढचीचा पदर धरायचा, जिना उतरून खालच्या बोळात यायचं आणि मागच्या दारातून गल्लीपलीकडच्या लाकडाच्या वखारीत शिरायचं. तोंडाने हाक मारायची नाही. धूर छातीत जातो आणि बंदूकवाल्याला जागा कळते. शेवटची बाई सगळ्या खोल्या बघून सर्वांच्या मागून उतरणार. ती बोळात आली की पुढचीचा पदर दोनदा ओढणार. ती ओढ एकीकडून दुसरीकडे करत पहिल्या नंबरच्या सुमतीपर्यंत पोचली, की मगच दार उघडायचं. ओढ आली नाही तर कोणी हलायचं नाही. पलटणीत रात्री दोर धरून असंच चालायचे म्हणे.

शेवटी कोण, यावर वाद झाला. हवालदारांना तरणी बाई हवी होती.

"मागं म्या ऱ्हाणार," आत्याबाई म्हणाल्या. "ह्या समद्या लेकुरवाळ्या हायत."

त्यांच्यापुढे हवालदारांचंही काही चाललं नाही. रांगेत आत्याबाईंच्या पुढे मी. त्यांची पहिली ओढ हळू असायची, भात शिजला का बघावा तशी; दुसरीला असा हिसका, की माझा पदर खाली. रोज त्यावरून आमचं वाजायचं. शेवटी मी खांद्यावर पिन लावायला लागले.

डिसेंबरातली एक दुपार. डोळे बांधून आम्ही बोळात उभ्या होतो. माझा पदर मागून दोनदा ओढला गेला. पण दोन्ही ओढी सारख्या, मोजून दिल्यासारख्या. मी फडकं काढून वळले. मागे कोणी नव्हतं. जिनाही रिकामा. तेवढ्यात चाळीच्या पुढच्या दारातून आत्याबाई मासळीची टोपली घेऊन आल्या. "माझ्याबिगर सुरू केलंत व्हय?"

मी हवालदारांना सांगितलं. ते पायरीवर बसले.

"दौलतची ओढ," ते म्हणाले. "आमच्या रांगेत शेवटी तो असायचा. एका रात्री नाला ओलांडून आम्ही थांबलो होतो. दोराला दोन ओढी आल्या, आम्ही निघालो. उजाडल्यावर मोजलं तर दौलत नाही. तो नाल्याच्या पलीकडेच पडला होता, आम्ही थांबलो त्याच्या आधीच. मग दोर कोणी ओढला?"

आत्याबाई मासळीवरच्या माश्या हाकत होत्या. "त्येनंच वढला. न्हाईतर तुमी माघारी गेला असता अन्‌ समदे मेला असता."

बाजारभाव सांगावा तसं त्या बोलल्या. मला ते मुळीच आवडलं नाही. त्या संध्याकाळी मी माझ्या लीलाला, तीन वर्षांची होती ती, त्यांच्यापुढे उभी केली.

"आत्याबाई, हिच्या डोक्यावर हात ठेवा. तुम्ही बोळात पोचला नाहीत, तर ओढायचं नाही. आम्ही थांबू."

"न्हाई वढणार. झालं?" त्यांनी हात ठेवला, आणि लीलाच्या डोक्यात उवा झाल्यात हेही सांगितलं.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि रस्ते पेटले. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात अश्रुधुराची नळकांडी पडली. धूर जिन्यातून वर चढला. आम्ही शिकवल्याप्रमाणे उतरायला लागलो. जिन्यात असतानाच बाहेर बंदुकांची एक फैर झाली. लीला माझ्या कडेवर. बोळात उभ्या राहिलो. माझा पदर मागे मोकळा लोंबत होता.

ओढ येईना. कोणाचं तरी पोर खोकत होतं. पुढे बारा जणी माझ्यासाठी खोळंबल्या होत्या, आणि मी आत्याबाईंसाठी. मला राहवेना. मी जिन्याकडे एक पाऊल टाकलं.

तेव्हा पदर ओढला गेला. आधी हळू. मग हिसका.

इतकं बरं वाटलं मला! मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत मी ओढ पुढे दिली. दार उघडलं, रांग बाहेर पडली. मी उंबरा ओलांडला आणि मागे बोळात दुसरी फैर घुसली. नंतर तिथल्या भिंतीत पाच भोकं मोजली. त्यांतलं एक माझ्या कडेच्या उंचीवर होतं.

वखारीत मी डोळ्यांवरचं फडकं सोडलं आणि वळले. "आत्याबाई, पाणी आणू?"

माझ्यामागे लाकडं होती.

हवालदार तासाभराने आले. ते समोरच्या चाळीतून पाहत होते. "पहिल्याच फैरीत गेल्या," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. तुमची रांग तेव्हा जिन्यातच होती, चंपाबाई."

मी खांद्याला हात लावला. पिनेपाशी पदर टरकन फाटला होता.

आत्याबाई आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या, तेही माझ्याशी, माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. मला फार राग आला होता. अजून येतो. भांडायला समोर कोणी नाही, म्हणून जास्तच येतो.

कवायत पुढे मुंबई मिळेपर्यंत चालली. शेवटी मी उभी राहायची. माझ्यामागे कोणीच नसायचं. पण पदराला मी पुन्हा कधी पिन लावली नाही.