सलोमीने प्याला घेतला नाही

गुरुवारी दुपारी सलोमीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या. काच जिकडे सरकवावी तिकडे काड्याच काड्या. क्षयाचे जंतू. तिने बेडक्याच्या डबीवरचं नाव वाचलं. श्रीपती साळवी.

रत्नागिरीत श्रीपती साळवी आणखीही असतील, पण असा खोकत चर्चच्या मंडळीत पेटी वाजवणारा एकच. तिच्या चर्चमधले पंच, श्रीपतीकाका. पेटी तेच वाजवत, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला ओठाओठांपर्यंत तेच नेत, आणि डिसेंबर लागला की शनिवारी मुलांकडून नाताळची गाणीही तेच बसवून घेत. खोकल्याला ते दमा म्हणत.

रुग्णाची गोष्ट लॅबच्या उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हा नोकरीचा पहिला नियम. डॉक्टर काकांना सांगतील, गोळ्या सुरू होतील, आणि काका आपण होऊनच घरी बसतील. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलेल्या सलोमीने अशी आपली समजूत घातली.

शनिवारी काका हजर होते. चर्चच्या मागच्या लहान खोलीतली पेटी सलोमीला आपल्या अंगणातून ऐकू येत होती. शेजारच्या चाळीत केबलवर क्रिकेटचा सामना मोठ्याने लागलेला, म्हणून काकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. बंद खोली, जीव तोडून गाणारी मुलं आणि मधे खोकणारा माणूस. भावाची सहा वर्षांची दिशा फ्रॉक घालून निघालीच होती.

"हिला सर्दी झालीय, आज नको," सलोमी म्हणाली.

"कसली सर्दी? सकाळपासून नाचतेय ती," आई म्हणाली.

"मी सांगते ना!"

दिशा रडून रडून झोपली. बाकीच्यांची मुलं मात्र गेली. आपल्या घरचं पोर खोटं बोलून राखलं, दुसऱ्यांची सोडून दिली. ही गोष्ट सलोमीच्या घशात माशाच्या काट्यासारखी रुतली.

रविवारी उपासनेत पाळकसाहेब वचन वाचत होते, पण तिचं लक्ष फक्त खोकल्याकडे. मग भाकर वाटली गेली आणि काका प्याला घेऊन रांगेतून येऊ लागले. एकाच्या ओठाला लावायचा, पांढऱ्या फडक्याने कड पुसायची, पुढच्याला द्यायचा. सलोमीच्या समोर आले तेव्हा ते हसले. तिने मान खाली घातली आणि हातानेच नको म्हटलं.

त्या मंडळीत प्याला नाकारण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक. मनात कोणाविषयी अढी असली की माणूस प्याला घेत नाही, आधी जाऊन समेट करतो. काकांचा हात क्षणभर तसाच राहिला, मग पुढे गेला.

बाहेर पडल्यावर बायकांनी तिला गराडा घातलाच.

"काय गो सलोमी, कोणाशी वाजलं?"

"लग्नाचं काही फिसकटलं काय गो?"

"अगो, आईशी भांडली असेल, दुसरं काय!" आनंदीबाई, म्हणजे काकांची बायको, हसून म्हणाली. सलोमीला तिच्याकडे बघवेना. नवऱ्याशेजारी रात्रंदिवस तीच तर असायची.

संध्याकाळी अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्याशी खोकला ऐकू आला. आई दिशाला घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला गेली होती. काका एकटेच होते, रविवारचा धुवट सदरा अजून अंगात.

"सलाम, बाय. मी समेट करायला आलो."

"काका, तुमचं काही चुकलेलं नाही."

"माझ्याच हातून घेतला नाहीस म्हणजे माझंच चुकलं. मागे पेटी शिकताना तुला ओरडलो होतो, त्याचं काय मनात आहे?" असं म्हणत ते आत येऊन तिच्याशेजारी बसलेसुद्धा, आणि लगेच खोकू लागले.

सलोमी ताडकन उठली. "बाहेर बसू या, काका. अंगणात."

ते हळूहळू उठले. अंगणात आल्यावर त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू त्या लॅबमध्ये असतेस. नाही का?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"होय तर. म्हणजे तू बघितलंस." काकांनी रुमाल तोंडाशी धरला. "शुक्रवारीच डॉक्टर बोलला. गोळ्या घेतोय. नाताळ पार पडला की सांगणार होतो. आता सांगितलं तर पेटी काढून घेतील, प्याला काढून घेतील. मग मी त्या बाकावर नुसता बसून करू काय?"

"गोळ्यांनी बरे व्हाल. पण अजून काही आठवडे तरी—"

"एवढं सांग. त्या प्याल्यातून रोग सगळ्यांना गेला असेल काय गो?"

सलोमीला खोटं बोलता आलं असतं. "प्याल्यातून सहसा नाही जात. खोकल्यातून जातो. हवेतून. बंद खोलीत जास्त."

"असं. मग तू प्यायली का नाहीस?"

जे शिकली होती त्याप्रमाणे प्याला घ्यायला हरकत नव्हती, आणि शनिवारी त्या खोलीचं दार ठोठावायला हवं होतं. तिने नेमकं उलटं केलं होतं.

"घाबरले," ती म्हणाली. "आणि काल दिशाला तेवढी घरी ठेवली. बाकीची पोरं जाऊ दिली."

काकांनी रुमाल आणखी घट्ट धरला. ती बाकीची पोरं त्यांना आत्ताच आठवली असावीत. चेहरा राखेसारखा झाला.

"चल," ते म्हणाले. "पाळकसाहेबांकडे जाऊ. सांग तूच, मला नाही जमायचं."

"मला सांगता येत नाही, काका. नियम आहे. आणि नियम नसता तरी तुम्हीच सांगायला हवं. मी बरोबर येते."

वाटेत ते दोनदा थांबले. दम लागला म्हणून की परत फिरायचं म्हणून, तिला कळेना. ते फिरले असते तर उद्या ती काय करणार होती, तेही तिला ठाऊक नव्हतं.

पाळकसाहेबांनी दार उघडलं आणि दोघांना एकत्र पाहून त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! मिटलं वाटतं. या, या, आत या. चहा टाकायला सांगतो."

काका पायरीखालीच उभे राहिले. पाळकसाहेबांनी हात पुढे केला, तसे एक पाऊल मागे सरले.

"आत नको, साहेब," रुमालामागून काका म्हणाले. "आणि माझ्याकडे गाण्याला येणाऱ्या पोरांच्या आयांना बोलावून घ्या. मला सगळ्यांसमोरच सांगू दे."