काचेवरचा तळहात

सासऱ्यांच्या कारखान्यात माशांसाठी मोठाल्या काचेच्या टाक्या बनत. टाकी पहिल्यांदा भरताना, दाबाचं गणित ज्याने केलं त्यानेच काचेला तळहात लावून उभं राहायचं, असा तिथला दंडक होता. लग्न होऊन आल्यापासून तो मान थोरल्या सुनेचा होता.

आठ फूट खोल टाकीचं काम आलं, आजवरचं सगळ्यांत मोठं, आणि सासऱ्यांनी ते धाकटीला दिलं. धाकटी शिकलेली, बोलायला गोड, वर दिसायलाही चांगली. एकाच बाईला किती द्यावं, याला काही सुमार? थोरली जळफळली.

काच बसवून झाली, त्या दिवशी तिने धाकटीचा हिशेब हळूच तपासायला घेतला. स्वतः ती सासऱ्यांच्या फुटांच्या तक्त्यावरून दाब काढी. धाकटीचं सूत्र नवं होतं: पाण्याची घनता, गुरुत्व आणि खोली यांचा गुणाकार. थोरलीने हजार, नऊ पूर्णांक एक्याऐंशी आणि आठ गुणले. तळाशी दाब आला अठ्ठ्याहत्तर हजार पास्कल. धाकटीने धरले होते जेमतेम चोवीस हजार.

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एका वाक्यात सांगता आलं असतं, पण ती मूग गिळून बसली. तडकू दे काच, जाऊ दे पोरीचं नाक सगळ्यांसमोर.

टाकी भरायच्या दिवशी धाकटीने काचेला तळहात लावला. काचेपलीकडे पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत चढलं, मग कमरेपर्यंत. त्या हातातली बांगडी काचेवर किणकिणली आणि थोरली पुढे धावली.

"पाणी बंद करा," ती ओरडली. "काच फुटेल. दाब अठ्ठ्याहत्तर हजार येतोय, हिने चोवीस धरलाय."

धाकटी दचकून मागे सरली. सासऱ्यांनी नळ बंद केला, खिशातलं पेन काढून तळहातावरच आकडे मांडले आणि हसले.

"अगं, हे सूत्र मीटरचं. तू त्यात फूट घातलेस. आठ फूट म्हणजे अडीच मीटरही नाही. चोवीसच बरोबर आहेत."

कामगारही हसले. थोरलीला हायसं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. धाकटी मात्र हसली नाही.

"ताई, हे तुम्ही कधी काढलंत?"

"सोमवारी," थोरली बोलून गेली.

त्या दिवशी शुक्रवार होता. सासऱ्यांचं हसू मावळलं. धाकटीने काचेकडे वळून पुन्हा तळहात लावला आणि पाणी सोडायला सांगितलं.