धुकेश्वर महाराजांची बारीक गंगा

बाहेर लख्ख ऊन होतं, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता आणि रतनबाईच्या पॉलिहाऊसमध्ये शे-दोनशे माणसं छत्र्या उघडून उभी होती. काहींनी रेनकोट घातले होते. सोमाटण्याहून आलेल्या एका कुटुंबाने तर साबण आणि टॉवेलही आणला होता.

"सरका की जरा, माझ्या अंगावर गंगा येईना!" शकुबाई ओरडली.

"तुमी छत्री मिटा आधी, मावशी," कोणीतरी म्हणालं.

"छत्री कशी मिटू? सर्दी व्हईल न्हवं!"

गुलाबांच्या वाफ्यांमध्ये पाट मांडला होता आणि पाटावर धुकेश्वर महाराज बसले होते. कफनी कोरडी, कारण त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरायला एक भक्त नेमलेला होता. मागे त्यांचा शिष्य हौशीराम मांडी घालून बसला होता. त्याचा उजवा हात सदा गोमुखीत असायचा. जपमाळ ओढताना हात झाकायची ती कापडी पिशवी, तिलाच गोमुखी म्हणतात. असा जप करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. जेवतानाही तो डाव्या हाताने जेवायचा.

"ही साधी गंगा नाही, बच्चा लोग," महाराज म्हणाले. "जाड गंगा हरिद्वारला. बारीक गंगा फक्त मावळात. जाड पाप जाड गंगेत धुवावं, बारीक पाप बारीक गंगेत. बोला, कोणाकोणाची पापं बारीक आहेत?"

सगळ्यांनी हात वर केले.

महाराजांनी डोळे मिटले, लांबलचक हुंकार भरला आणि बोट वर उचललं. छताखालच्या नळ्यांतून फुस्स आवाज झाला आणि पांढरं धुकं खाली उतरलं. लोक रडायला लागले. साबणवाल्या कुटुंबाने साबण लावला.

"आबा, माझं गुडघं दुखायचं थांबलं," शकुबाई मला म्हणाली.

"काल तर चढावर मला हात धरा म्हणालीस."

"ते काल, आबा. आज न्हाई का आलं तुमच्या ध्यानात?"

माझ्या ध्यानात काय येणार? मी भिमाजी. मला अक्षरं उतारवयात साक्षरता वर्गात भेटली. त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून, सावकाश वाचायची सवय लागली आहे. या धुक्यावर बोट कुठे ठेवावं, तेवढंच कळत नव्हतं.

प्लास्टिकच्या कागदाचं हे पॉलिहाऊस रतनबाईच्या नवऱ्याने, सीतारामने उभं केलं. सीताराम माझा मित्र. त्याने प्रत्येक वाफ्यात काठीला सेन्सर बांधले होते. हवा किती कोरडी, पान किती ओलं, हे ते सेन्सर मोजायचे आणि वायरीशिवाय पॅकिंग शेडमधल्या एका पेटीला कळवायचे. हवा कोरडी झाली की पेटी धुक्याचे फवारे सुरू करायची, पान ओलं झालं की बंद करायची. मोबाइलवरूनही ते चालू-बंद करता यायचं.

ती पेटी बसवली दसऱ्याला. फिटर जाताना म्हणाला, "काका, हिचा पासवर्ड कारखान्यातून आलाय तोच आहे. आज बदलून टाका." पण तोपर्यंत रतनबाईने पेटीला हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडूची माळ घातली होती. सीताराम म्हणाला, "आज हत्यारं पुजल्यात. पुजलेल्या वस्तूला आज हात लावायचा न्हाई. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी छाटणी निघाली आणि ते राहूनच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात सीतारामही गेला.

मग एका दुपारी हे महाराज शिष्यासह दारात उभे. "माई, या कागदी घरात एक आत्मा अडकलाय," म्हणाले आणि बोट वर केलं. धुकं आलं. "तुझा धनी आहे. थेंब होऊन भेटायला आलाय."

रतनबाईने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि ती तशीच त्या धुक्यात शिरली. तेव्हापासून रोज महाराजांच्या मर्जीप्रमाणे धुकं पडत होतं आणि ती पदर न घेता त्यात उभी राहत होती.

गुलाबाला मात्र सोवळं-ओवळं कळत नाही. सारखं पाणी बसून पानांवर बुरशी चढली, कळ्या कुजायला लागल्या. आमच्याकडचा गुलाब चौदा फेब्रुवारीच्या आत परदेशी जातो. त्या एका कापणीवर घराचं वर्ष चालतं. महाराजांनी आज्ञा केली, की शिवरात्रीपर्यंत फुलाला कात्री लावायची नाही. शिवरात्र पडत होती चौदा तारखेनंतर. शिवाय रतनबाईचा मुलगा बजरंग याने गावासमोर कबूल केलं होतं, की शिवरात्रीला पॉलिहाऊस महाराजांच्या मठाला देऊन टाकू.

"मंग तुमी खाणार काय?" मी त्याला विचारलं.

"गंगा आल्यावर खायाची काय काळजी, आबा?"

"गंगा पितात रं. खात न्हाईत."

बजरंगची भक्ती इतकी वाढली, की तो तळेगावहून स्टेनलेस स्टीलचा देव्हारा घेऊन आला. दारासकट. ती पेटी त्याने देव्हाऱ्यात बसवली, समोर उदबत्ती लावली आणि दारं घट्ट लावून घेतली.

त्या दुपारी महाराजांनी बोट वर केलं. काही नाही. दोन्ही हात वर केले. काही नाही. हुंकार भरून भरून त्यांना ठसका लागला. सोमाटण्याचं कुटुंब अंगाला साबण लावून ताटकळत उभं होतं, त्यांचे डोळे चुरचुरायला लागले. हौशीरामला दरदरून घाम फुटला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम किंचाळला, "देव्हाऱ्याचं दार उघडा! देव गुदमरतोय!"

बजरंगने धावत जाऊन दार उघडलं. फुस्स! गंगा आली.

माझ्या शेजारी स्नेहल मॅडम उभ्या होत्या. त्या आमच्या हायस्कूलात विज्ञान शिकवतात, देहूरोडहून ये-जा करतात. वर्गातली निम्मी मुलं गंगेत असल्यामुळे त्या मुलांना शोधायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आबा, शंकराच्या जटांतून वाट काढणारी गंगा स्टीलच्या दाराला कशी काय अडली?"

मला एवढ्या मोठ्याने हसू आलं, की शकुबाईने मला छत्री टोचली.

संध्याकाळी मॅडम माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "लोणावळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की रेडिओ खरखरतो ना? तसंच आहे हे. बिनतारी लहरींना बंद पत्रा आडवा आला की त्या अडतात. म्हणजे महाराजांकडून पेटीकडे जातोय तो मंत्र नाही, मोबाइलचा हुकूम आहे."

"पण मोबाइल हाय कुटं?"

"आबा, त्या हौशीरामचा उजवा हात तुम्ही कधी पाहिलाय?"

मी बोट ठेवायची जागा शोधत होतो, ती ही.

आम्ही दोघं रतनबाईकडे गेलो. ती वाफ्यात बसून कुजलेल्या कळ्या खुडत होती. आज्ञा मोडून. मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं. "या कंपनीच्या सगळ्या पेट्यांना कारखान्यातून एकच पासवर्ड येतो, मावशी. तो तुम्ही बदललेला नाही. पेटी हुकूम कोण देतंय ते बघत नाही, फक्त शब्द बरोबर आहे का एवढंच बघते. तुम्ही हो म्हणालात तर शब्द बदलू. पेटी तुमची आहे, तुमच्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही."

रतनबाईने आणखी एक कळी खुडली. मग म्हणाली, "आन् शब्द बदलला, आन् मंग ते यायचं थांबलं तर?"

सीताराम गेल्यापासून ती बाई पहिल्यांदा कुणाची तरी वाट बघत होती. ती आस कुणी मोडावी?

तिने हातातली कळी उलटीपालटी केली. आतून पार काळी होती.

"ही फुलं त्यांनी लेकरावानी वाढवली," ती म्हणाली. "ते आले असते, तर त्यांनी ही अशी कुजवली असती का, आबा?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिने पदराने हात पुसले आणि मोबाइल काढला. "कसा बदलायचा ते दावा. शब्द मी ठरवती."

"मोठा ठेवा," मॅडम म्हणाल्या. "देवाचं नाव नको, मुलाचं नको, जन्मसाल नको. आणि कुणाला सांगू नका. मलासुद्धा."

"त्यांच्याबिगार कुणालाच ठाव न्हाई असा शब्द हाय माज्याकडं," रतनबाई म्हणाली आणि आमच्याकडे पाठ करून एकेक अक्षर दाबत बसली. मान वर केली तेव्हा म्हातारी थोडी लाजली होती.

दुसऱ्या दुपारी गर्दी दुप्पट. देव्हाऱ्याची दारं सताड उघडी. महाराजांनी बोट वर केलं.

नळ्या गप्प.

"कोणाच्या तरी पायात चामड्याची चप्पल आहे!" महाराज गरजले. शंभर चपला बाहेर फेकल्या गेल्या. तरी नळ्या गप्प. "कोणीतरी शंका धरली आहे!" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शेवटी महाराज रतनबाईकडे वळले. "माई, तुझा धनी रागावला आहे. तू त्याला कोंडलंस!"

"काय केलंस गं आई?" बजरंग रडकुंडीला आला.

रतनबाई उठून उभी राहिली. आवाज शांत होता. "पेटीचा शब्द बदलला म्या. लय जुना शब्द हाय. आमच्या लग्नाच्या वक्ताचा. त्यो मला ठाव, न्हाईतर त्यांना. म्हाराज, ते तुमच्या बोटाशी असत्यात न्हवं? इचारा त्यांना."



महाराजांनी डोळे मिटले. "सीताराम म्हणतोय... गंगा."

रतनबाईने नकारार्थी मान हलवली.

"ओम नमः शिवाय."

"न्हाई."

"प्राणप्रिये?"

"आमच्यात असं कोन बोलतंय वो?" शकुबाई मागून म्हणाली. लोक फिस्कन हसले. महाराजांच्या मागे गोमुखी आतल्या आत वळवळत होती, पिशवीत उंदीर शिरावा तशी. आणि तिच्यातून बारीकसा सूर ऐकू यायला लागला. टुंग. टुंग. टुंग.

रतनबाई वाफा ओलांडून गेली आणि तिने हौशीरामचं मनगट धरलं. "हात भायेर काढ."

"जप मोडेल, माई!"

"मोडू दे."

तिने पिशवी ओढली. मोबाइल वाफ्यातल्या चिखलात पडला. बजरंगने उचलून वाचला, पुन्हा वाचला. "पासवर्ड चुकीचा आहे," त्याने मोठ्याने सांगितलं आणि तो खाली बसला. हौशीरामने आधी अशाच पेट्या बसवायचं काम केलं होतं, ते त्याने नंतर पोलिसांपुढे कबूल केलं. महाराजांनी तर काहीच कबूल केलं नाही. ते मौनात गेले.

पण लोक ते लोक. "शिष्य लबाड असंल, म्हाराज खरंच हायेत," कुणीतरी म्हणालं. "गंगा आपल्या डोळ्यांनी बघितली की!"

तेवढ्यात दाराशी बांधलेल्या हिराने हंबरडा फोडला. हिरा म्हणजे रतनबाईची म्हैस. तिची पाणी प्यायची वेळ झाली होती.

फुस्स! धुकं उतरलं.

सगळ्यांच्या माना हिराकडे वळल्या. हिराने पुन्हा हंबरडा फोडला. पुन्हा फुस्स.

"हिरामाता!" शकुबाई ओरडली आणि तिने छत्रीसकट चिखलात लोटांगण घातलं. सोमाटण्याच्या गृहस्थाने साबण बाजूला ठेवून हिराच्या शेणात बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं. कुणीतरी महाराजांच्या गळ्यातला हार काढून हिराला घातला. हिराने तो खाल्ला.

स्नेहल मॅडमनी कपाळावर हात मारला. रतनबाईने पदराखालून मोबाइल बाहेर काढला. "अरे, हिरा न्हाई. मी." तिने शकुबाईला उठवलं आणि बटण दाखवलं. "दाब."

शकुबाईने दाबलं. धुकं थांबलं. पुन्हा दाबलं. आलं. "आगं बया! म्या केलं!" तिच्या शेजारच्या दोघींनी लगेच तिचे पाय धरले.

"उठा गं! माजं पाय धरून काय व्हतंय? माजं गुडघं अजून दुखतंय!" ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं, की आपण काय बोललो. ती छत्री मिटून गुपचूप घरी गेली.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. गुलाबाचे कितीतरी वाफे गेले, उरलेल्यांची कापणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. पेटी देव्हाऱ्यातून काढून मॅडमनी उंच खांबावर लावली, म्हणजे प्रत्येक वाफ्यातल्या सेन्सरची लहर तिला मोकळेपणाने ऐकू येईल. देव्हाऱ्यात आता कात्र्या ठेवतात. आसपासच्या पॉलिहाऊसवाल्यांनी एकमेकांना न सांगता आपापले शब्द बदलले.

लोकहो, माझं एवढंच सांगणं आहे. यंत्राची पूजा करा, माझी काही हरकत नाही. पण पूजेआधी त्याचं कुलूप नीट बसवा. आणि कोणी बोट वर करून चमत्कार दाखवायला लागला, तर त्याच्या बोटाकडे बघू नका. दुसरा हात कुठे आहे तो बघा. पुढे काय करायचं, ते तुमची अक्कल तुम्हाला सांगेल. ती प्रत्येकाला फुकट मिळालेली आहे आणि तिला कुणाचीही आज्ञा लागत नाही.

तो शब्द मला माहीत नाही. बजरंगलाही नाही. परवा भर उन्हात मी पॉलिहाऊसवरून जात होतो. पानं कोरडी झाली असतील, सेन्सरने कळवलं असेल. धुकं आपोआप सुरू झालं. रतनबाई पदर न घेता त्यात उभी होती.

मी विचारलं, "आता गं कशाला उभी ऱ्हातीस?"

ती डोळे न उघडता म्हणाली, "उकडतंय, आबा."